दुधाच्या पिशव्यांमागं

माझ्या फ्रिजात दुधाच्या पिशव्यांमागं
एक स्टीलचा डबा आहे, लेकीच्या शाळेचा जुना.
त्यात सात बाटल्या, अंगठ्याएवढ्या.
नवं गिऱ्हाईक विचारतं, अत्तर का?
मी म्हणते, हाव, साखरेचं अत्तर.

रुळापलीकडं आमची परभणी.
गावातल्यांना ती फाटक बंद पडलं की दिसते.
सत्तर घरं, फ्रिज दोन,
त्यातला एक पुढाऱ्याचा,
त्याला कुलूप.

बाटल्यांवर नावं मीच चिकटवली,
बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून.
किसन धोत्रे. सुदामती. तस्लीमबी.
खिल्लारे मास्तर, शाळेतले नाही,
बँडमधले.
दगडूचं पोरगं, वय वर्षं अकरा,
त्याची बाटली सगळ्यात पुढं.
तो आपली आपण काढून घेतो शाळेआधी
आणि दार लावताना गुडघा मारतो,
अगदी माझ्यासारखा.

पहिल्या साली मला कळत नव्हतं.
किसनची वर ठेवली, बर्फाच्या कप्प्यात,
जितकं गार तितकं बरं म्हणून.
सकाळी बघते तर पेप्सीकोला.
किसन काही बोलला नाही.
दीडशे रुपये गल्ल्यातून काढले,
तो नको नको म्हणत राहिला, आणि घेतले.

मे महिन्यात लाईट गेली
की मी कुणाला दार उघडू देत नाही.
ना दूध, ना ताक, ना पाहुण्याला थंडा.
पाठ लावून बसते फ्रिजला,
आत गारवा किती उरला ते पाठीला कळतं.
चार तास झाले की डबा
माठाखालच्या ओल्या वाळूत.
वाळू गंगाखेडची, चोरीची,
पण गार.

सरकारी दवाखान्यात बाटली फुकट.
त्या फुकटाला रिक्षा जायला वीस, यायला वीस,
केसपेपरची रांग, मग औषधाची,
मग काचेमागचा माणूस म्हणतो,
माल आला नाही, सोमवारी या.
सोमवार म्हणजे चार घरची धुणीभांडी.
चार घरची धुणीभांडी म्हणजे
हे तस्लीमबीनं मला सांगितलं नाही,
बाटलीनं सांगितलं.

कारण मी दुकानदारीण.
तेल किती उतरलं ते डब्यात न डोकावता सांगते.
सगळ्यांच्या बाटल्या उतरत होत्या,
तस्लीमबीची तिथल्या तिथं.
येत होती रोज, नेत होती, आणून ठेवत होती,
आणि आतलं पाणी जेमतेम हलत होतं.

गेले तिच्याकडं.
लसूण सोलत बसली होती, हॉटेलवाल्याचा, किलोवर.
म्हटलं, तस्लीमबी, सुई किती घेता?
म्हणाली, जितना खाना, उतनी सुई.
न जेवता घेतली तर भोवळ येते, भाभी,
लोगां के घर में कप फूटते.
आणि हसली, उधारी मागताना हसते तशी.
पायाला चिंधी होती.
मी बघितलेलं बघून
तिनं पाय खाली घेतला.

आता उधारीच्या वहीत एक पान आहे
ज्यावर रुपये नाहीत.
त. दोन पाव, चहा, मग सुई.
त. भात, मग सुई.
त. आली नाही.
त. आली नाही.
त. भाकर, अर्धी, मग सुई थोडी.
महिनाअखेर बेरीज करताना
हे पान मी बोटानं दाबून पुढं जाते.
नवरा म्हणतो, अशानं दुकान चालायचं नाही.
म्हणते, चालतंय कुठं,
बसलंय बिचारं रुळाकडं तोंड करून.

मागल्या आठवड्यात शिबिर आलं, मंडप घालून.
माझा नंबर शहात्तर.
बहात्तरला तपासायच्या पट्ट्या संपल्या.
बाई खुर्च्या उचलता उचलता म्हणाल्या,
तुम्हाला काही होतंय का, मावशी?
म्हटलं, रात्री चारदा उठते,
पण ते लाईट बघायला.
आणि उठलेच आहे तर
तांब्याभर पाणी पिते.